मिधत पाशा आणि ११३ वें कलम

इ. स. १८७७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ५ व्या तारखेस तुर्की साम्राज्याचा मुख्य वजीर मिधत पाशा यास राजवाड्यांतून बोलावणें आलें. तेथें त्याच्याकडून राजमुद्रा परत घेण्यांत आली व वाड्यालगतच्या समुद्रांत सज्ज असलेल्या 'इझेद्दीन' नांवाच्या आगबोटीवर त्यास चढविण्यांत आलें. आरोपपत्र नाहीं, चौकशी नाहीं, साक्षीपुरावा नाहीं. सरकारी खुलासा एवढाच कीं, ही हद्दपारी राज्यघटनेच्या ११३ व्या कलमास अनुसरून झाली आहे. ती राज्यघटना जाहीर होऊन त्या दिवशीं अवघे ४४ दिवस झाले होते, आणि तिचा प्रमुख जनक स्वतः मिधत पाशाच होता.

दुसऱ्यासाठीं ठेवलेल्या फटींतून आपणच खालीं कोसळावें, अशीं उदाहरणें इतिहासांत विरळा नाहींत. परंतु हा प्रसंग दैवदुर्विलास म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. ज्या पुरुषानें राज्यकारभाराचा अनुभव घेण्यांत सारी हयात घालविली, दोन सुलतानांस पदच्युत करण्यांत ज्याचा हात होता, आणि राजाची लहर हाच राज्याचा खरा रोग आहे हें ज्यानें पुरतें ओळखलें होतें, त्यानेंच त्या लहरीस घटनेच्या पोटांत जागा कां करून दिली? त्याच्या चरित्राचें मर्म या प्रश्नांत आहे, आणि त्याचें उत्तर शोधण्यास त्याच्या साऱ्या कारकीर्दीकडे मागें वळून पाहिलें पाहिजे.

मिधतचा जन्म १८२२ सालीं इस्तंबूल येथें झाला. त्याचें मूळचें नांव अहमद शफीक. बाप डॅन्यूब नदीकांठच्या रुसचुक गांवचा, व्यवसायानें काझी. मुलानें वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास सारें कुराण मुखोद्गत करून 'हाफिज' ही पदवी मिळविली, व पुढें लौकरच तो सरकारी कचेरींत उमेदवारी करूं लागला. 'मिधत' म्हणजे स्तुति. हें नांव त्यास तेथल्या वरिष्ठांनीं दिलें आणि तेंच पुढें रूढ झालें. विद्यापीठाचें तोंड त्यानें पाहिलें नव्हतें. त्याचें शिक्षण झालें तें दप्तरांत, फर्मानांच्या मसुद्यांत, आणि दमास्कस, कोनिया वगैरे दूरच्या प्रांतांतील चाकरींत. पस्तिशी उलटल्यावर, १८५८ सालीं, त्यानें पॅरिस, लंडन, व्हिएन्ना व ब्रुसेल्स या शहरांचा कांहीं महिने प्रवास केला. युरोपांतून परतणारे पुष्कळ तुर्क तेथील पोषाख व रीतिभाति घेऊन येत. यानें आणली ती एक शंका: तेथील राज्यें चालतात तीं राज्यकर्त्यांच्या सद्गुणांवर, कीं कोणीहि आला तरी चालूं शकेल अशा व्यवस्थेवर?

त्या वेळीं तुर्कस्तानांत सुधारणांचीं फर्मानें कमी नव्हतीं. १८३९ व १८५६ सालच्या जाहीरनाम्यांनीं प्रजेचें जीवित, वित्त व अब्रू यांस अभय दिलें होतें, आणि मुसलमान व ख्रिस्ती यांस समान लेखण्याचें वचनहि दिलें होतें. परंतु राजधानींत वाचलेलें फर्मान खेड्यांत पोंचेपर्यंत त्यांतील शाई वाळून जाई. तें पोंचविण्याचें काम मिधतकडे आलें. १८६१ सालीं तो निश प्रांताचा सुभेदार झाला. निश म्हणजे साम्राज्याची वायव्येकडील सरहद्द; पलीकडे सर्बिया, अलीकडे असंतुष्ट बल्गेरियन शेतकरी, रस्त्यांवर लुटारूंचा सुळसुळाट. मिधतनें प्रथम गांवोगांवच्या प्रमुख मंडळींस बोलावून त्यांचीं गाऱ्हाणीं ऐकलीं. त्यांतून त्यास दोन गोष्टी उमगल्या: माल बाजारांत नेण्यास रस्ता नाहीं, आणि पेरणीच्या वेळीं शेतकऱ्यास सावकाराशिवाय कोणी वाली नाहीं.

या दुसऱ्या दुखण्यावर त्यानें काढलेला उपाय हा माझ्या मतें त्याच्या साऱ्या कर्तृत्वांतील सर्वांत सुंदर भाग होय. १८६३ सालीं पिरोट येथें त्यानें 'मुलुखाची पेटी' या अर्थाच्या नांवाची एक पतसंस्था उभी केली. भांडवल सरकारी खजिन्यांतून आलें नाहीं. तेथें देण्यासारखें कांहीं नव्हतेंच. गांवच्या पडीक जमिनीचा एक तुकडा साऱ्या गांवकऱ्यांनीं मिळून कसावा, आलेलें धान्य विकावें, आणि तो पैसा पेटींत टाकावा. त्या पेटींतून शेतकऱ्यास जामिनावर, दरमहा शेंकडा एक या दरानें, ठराविक मुदतीचें कर्ज मिळे. सावकाराच्या दराशीं तुलना करतां हें व्याज नांवालाच होतें. पेटीचा कारभार गांवकऱ्यांनीं निवडलेल्या मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्हीं समाजांच्या पंचांकडे असे, आणि नफ्याचा कांहीं भाग शाळा व रस्ते यांकडे जाई. कल्पना इतकी साधी व इतकी टिकाऊ ठरली कीं, १८६७ सालीं ती साम्राज्यांत इतरत्र लागू करण्यांत आली, आणि १८८८ सालीं तिच्यांतूनच तुर्कस्तानची शेतकी पेढी जन्मास आली. ती पेढी आजहि चालू असून पिरोटची पेटी हेंच आपलें मूळ, असें ती मानते.

१८६४ सालीं प्रांतांच्या फेररचनेचा कायदा झाला, आणि त्याचा पहिला प्रयोग करण्यासाठीं निश, विदिन व सिलिस्ट्रा हे मुलूख एकत्र करून डॅन्यूब प्रांत बनविण्यांत आला. सुभेदारी अर्थातच मिधतकडे आली. मुख्य ठाणें त्याच्या बापाचें गांव रुसचुक. चार वर्षांच्या अवधींत तेथें सुमारे ३००० किलोमीटर रस्ते व १४०० पूल झाले, असा हिशेब दिला जातो. प्रांतापासून तालुक्यापर्यंत सल्लागार मंडळें बसलीं व त्यांत ख्रिस्ती सभासदांस जागा मिळाल्या. 'तुना' म्हणजे डॅन्यूब या नांवाचें वृत्तपत्र १८६५ पासून तुर्की व बल्गेरियन अशा दोन भाषांत निघूं लागलें. निश, रुसचुक व सोफिया येथें अनाथ मुलांसाठीं उद्योगशाळा निघाल्या. त्यांत दोन्हीं धर्मांचीं मुलें एका छपराखालीं जोडे शिवणें, कापड विणणें व छपाई करणें हीं कामें शिकत.

पण चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें हें इतिहासकाराचें काम नव्हे. रुमानियांतून नदी ओलांडून बल्गेरियन क्रांतिकारकांच्या टोळ्या येऊं लागल्या, तेव्हां हाच सुधारक कठोर झाला. १८६७ सालीं बंडखोरांस त्यानें झटपट निवाडे करून फांसावर चढविलें. बल्गेरियन लोकांच्या आठवणींत तो रस्ते बांधणारा आहे तसाच फांसाचे खांब उभारणाराहि आहे. त्याच्या दृष्टीनें यांत विसंगति नव्हती. सर्व धर्मांच्या प्रजेनें एका समान 'उस्मानी' नागरिकत्वांत नांदावें, हें त्याचें ध्येय. आणि जे वेगळें राष्ट्र मागत ते या ध्येयाच्याच मुळावर येत होते. तथापि निकडीच्या प्रसंगीं कायद्याची पायरी चुकविली तरी चालते, हा धडा त्यानें येथें गिरविला, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

१८६८ सालीं तो नव्या राज्यमंडळाचा अध्यक्ष म्हणून राजधानींत आला. पण वरिष्ठांशीं पटलें नाहीं, आणि १८६९ सालीं त्याची रवानगी बगदादकडे झाली. तेथेंहि तोच झपाटा. 'झौरा' हें बगदादचें पहिलें वृत्तपत्र त्यानें काढलें, काझिमियापर्यंत घोड्यांची ट्राम घातली, जुना तट पाडून शहरास मोकळा श्वास घेऊं दिला. जमिनीची मालकी नोंदवून भटक्या टोळ्यांस स्थिर करावें, असाहि उद्योग त्यानें केला. पण त्याचा लाभ पुष्कळ ठिकाणीं कसणाऱ्यास न मिळतां टोळीच्या शेखास मिळाला. मालकी शेखाच्या नांवें चढली आणि कालचा भाऊबंद आजचा कूळ झाला. हेतु निर्मळ असला तरी कागद ज्याच्या हातीं जातो त्याचाच होतो, हें येथें दिसून आलें. मिधतनें त्यापासून बोध घेतला असता, तर पुढील अनर्थ कदाचित् टळता.

१८७२ सालीं सुलतान अब्दुल अझीझनें त्यास मुख्य वजीर केलें व तीन महिने पुरे होण्याच्या आंतच काढून टाकलें. वाड्याच्या खर्चास आळा घालूं पाहणारा वजीर त्या दरबारास परवडण्यासारखा नव्हता. पुढें संकटें एकामागून एक येत गेलीं. १८७५ सालीं हर्झेगोव्हिनांत बंड झालें. त्याच वर्षीं कर्जाच्या व्याजाचा निम्माच भाग रोख देतां येईल, असें सरकारास जाहीर करावें लागलें. १८७६ च्या वसंतांत बल्गेरियांतील उठाव अमानुष रीतीनें चिरडला गेल्यामुळें सारा युरोप खवळला. मे महिन्यांत राजधानींतील मदरशांचे हजारों विद्यार्थी रस्त्यावर आले. ३० मे रोजीं मिधत, सेनामंत्री हुसेन अवनी पाशा व त्यांचे सहकारी यांनीं धर्माधिकाऱ्याचा फतवा मिळवून अब्दुल अझीझास पदच्युत केलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ जून रोजीं, माजी सुलतान हाताच्या शिरा कापलेल्या स्थितींत मृत आढळला. १९ डॉक्टरांनीं प्रेत पाहून आत्महत्या असा अभिप्राय दिला. परंतु या मृत्यूची छाया पुढें मिधतच्या साऱ्या आयुष्यावर पडावयाची होती.

नवा सुलतान पांचवा मुराद हा उदार मताचा, पण त्याचें चित्त भ्रमलें. सुमारें तीन महिन्यांत त्यासहि दूर करावें लागलें. धाकटा भाऊ अब्दुल हमीद यानें घटना देण्याचें वचन मिधतला दिलें, आणि ३१ ऑगस्ट रोजीं तो गादीवर आला. तेहतीस वर्षांचा हा तरुण शांत, मितभाषी व विलक्षण संशयी होता. तीन महिन्यांत दोन सुलतानांस खालीं उतरलेलें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. तिसऱ्याची पाळी केव्हां येईल हा विचार त्याच्या मनांतून क्षणभरहि गेला नसेल.

घटनेचा मसुदा तयार होऊं लागला. आपण मांडलेल्या मर्यादा एकामागून एक ढिल्या होत असलेल्या मिधतला पाहाव्या लागल्या. ११९ कलमांच्या त्या घटनेंत न्यायाधीशांस अढळपद होतें, घराची निर्भयता होती, निवडलेली सभा होती. पण मंत्री जबाबदार होते ते सुलतानास, आणि सुलतान कोणासच जबाबदार नव्हता. शेवटीं राजवाड्यांतून आणखी एक मागणी आली. राज्याच्या सुरक्षिततेस धोका करणारा म्हणून पोलिसांच्या विश्वसनीय माहितीवरून जो मनुष्य ठरेल, त्यास राज्याबाहेर घालविण्याचा अधिकार एकट्या सुलतानास असावा, अशी ती मागणी. तिच्याशिवाय सही नाहीं. कवि नामिक केमाल व त्याच्या पक्षाच्या मंडळींनीं कडाडून विरोध केला; एक कलम शंभर कलमांस गिळील, हें त्यांस स्पष्ट दिसत होतें. मिधतनें मान्यता दिली.

त्यानें असें कां केलें, हें समजण्यास त्या आठवड्यांतील निकड पाहिली पाहिजे. बाल्कन प्रांतांचें भवितव्य ठरविण्यासाठीं युरोपांतील सहा बड्या राष्ट्रांची परिषद कॉन्स्टँटिनोपल येथें २३ डिसेंबर रोजीं उघडावयाची होती. त्याआधीं घटना हातीं आली, तर 'आम्हीं साऱ्याच प्रजेस हक्क दिले आहेत, आतां तुमच्या हस्तक्षेपाचें प्रयोजन काय' असें म्हणतां येणार होतें. १९ डिसेंबर रोजीं मिधत दुसऱ्यांदा मुख्य वजीर झाला. २३ रोजीं घटना जाहीर झाली. परिषदेची बैठक चालू असतां बाहेर तोफांची सरबत्ती झाली, आणि तुर्कस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यानें उठून सांगितलें कीं, हा आवाज नव्या युगाचा आहे. परकीय वकिलांनीं तें ऐकून घेतलें आणि आपलें काम पुढें चालू केलें.

अर्थात् ज्या एका दिवसासाठीं ११३ वें कलम गिळलें, तो दिवसहि पदरीं पडला नाहीं. परिषदेच्या मागण्या तुर्कस्ताननें नाकारल्या, परिषद मोडली, आणि परिषद मोडतांच सुलतानास मिधतची गरज उरली नाहीं. पुढें काय झालें तें आरंभीं सांगितलेंच आहे. 'इझेद्दीन' बोट त्यास इटलीच्या ब्रिंदिसी बंदरांत सोडून आली. राजधानींत दुकानें उघडीं होतीं, रस्ते शांत होते. १९ मार्च रोजीं पहिली लोकसभा भरली. तींत मुसलमान, ख्रिस्ती व यहुदी सभासद एकत्र बसले, आणि त्यांनीं अनपेक्षित निर्भयपणें मंत्र्यांस जाबहि विचारले. पण एप्रिलमध्यें रशियाशीं युद्ध जुंपलें, आणि १८७८ च्या फेब्रुवारींत सुलतानानें ती सभा बेमुदत तहकूब केली. ती तहकुबी तीस वर्षें टिकली. गंमत अशी कीं, घटना रद्द म्हणून केव्हांच झाली नाहीं. सरकारी वार्षिकांत ती छापली जात असे.

मिधतनें युरोपांतच राहावें असें हितचिंतकांस वाटलें असेल. त्यास तें जमलें नाहीं. १८७८ सालीं परत येण्याची परवानगी मिळतांच तो आला, आणि सिरियाची सुभेदारी त्यानें पत्करली. तेथेंहि शाळा, रस्ते, बाजार! दमास्कसमधील एक जुनी बाजारपेठ आजहि त्याचें नांव धारण करते. पुढें स्मर्ना येथें बदली झाली. १८८१ च्या मे महिन्यांत रात्रीं शिपायांनीं त्याच्या घरास वेढा घातला. तो निसटून फ्रेंच वकिलातींत गेला. पण फ्रेंच सरकारनें पाठ फिरविली, आणि त्यास स्वाधीन व्हावें लागलें. त्यास नेण्यास आलेला न्यायमंत्री होता अहमद जेवदेत पाशा, मोठा इतिहासकार व कायदेपंडित आणि मिधतचा जुना प्रतिस्पर्धी.

आरोप होता अब्दुल अझीझच्या खुनाचा. खटला जून महिन्याच्या शेवटीं, सुलतानाच्या यिल्दिझ राजवाड्याच्या आवारांत उभारलेल्या तंबूंत चालला, आणि तीन दिवसांत संपला. मिधतनें कामाच्या रीतीवर जे आक्षेप घेतले, ते दप्तरीं दाखल झाले इतकेंच. शिक्षा देहान्ताची झाली. इंग्लंड वगैरे देशांत ओरड झाल्यावर ती जन्मठेपेंत बदलण्यांत आली व कैद्यांस अरबस्तानांतील तैफच्या किल्ल्यांत धाडण्यांत आलें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. १८७७ सालीं मिधतला कोर्टावांचून घालविलें. १८८१ सालीं कोर्टाच्या हातून. साक्षीदार, वकील, न्यायाधीश, निकालपत्र हीं सारीं होतीं. नव्हतें तें एकच, तंबूच्या मालकास नाहीं म्हणूं शकणारें न्यायासन. घटनेंतील अढळ न्यायाधीशांचें कलम जिवंत करण्यास तिच्या मागें उभी राहणारी सभाच उरली नव्हती.

तैफला त्यानें आपल्या आठवणी लिहिल्या व घरच्या मंडळींस पत्रें धाडलीं. १८८४ च्या मे महिन्यांत एका रात्रीं पहारेकऱ्यांनीं त्याचा गळा आवळून प्राण घेतला. आजारानें मृत्यु, असें जाहीर झालें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मिधतचे चहाते म्हणतात कीं, अर्धी भाकरी उपाशी राहण्यापेक्षां बरी, म्हणून त्यानें ११३ वें कलम पत्करलें. टीकाकार म्हणतात कीं, त्यास घटनेपेक्षां वजिरी प्रिय होती. मला दोन्हीं मतें अपुरीं वाटतात. ज्यास केवळ वजिरी हवी होती तो एवढा धोका पत्करता ना. खरी गोष्ट अशी दिसते कीं, आपण स्वतः जागेवर असलों म्हणजे कलम निरुपद्रवी राहील, असा त्यास भरंवसा होता. रुसचुक येथें त्यानें कायद्याची पायरी चुकविली होती, आणि परिणाम आपल्या हातांत ठेवूं शकला होता. राजधानींत दोन सुलतान त्यानें हलविले होते. युरोपांतून त्यानें जी शंका आणली होती, राज्य माणसावर चालावें कीं व्यवस्थेवर, तिचें उत्तर त्यानें मुखानें 'व्यवस्थेवर' असें दिलें. पण स्वतःपुरतें तो माणसावरच विसंबला, आणि तो माणूस म्हणजे मिधत पाशा!

पिरोटची पेटी आणि कॉन्स्टँटिनोपलची घटना हीं दोन्हीं एकाच बुद्धीचीं अपत्यें. एक टिकलें, दुसरें ४४ दिवसांत पोरकें झालें. पेटींत गांवकऱ्यांनीं स्वतः पिकविलेलें धान्य होतें. ती फोडूं पाहणाऱ्यास प्रत्येक घरांतून जाब विचारला गेला असता. घटनेंत प्रजेचें स्वतःचें असें कांहीं पडलेलें नव्हतें. ती सुलतानाची देणगी म्हणून आली, तोफांच्या आवाजांत जाहीर झाली, आणि तिचा जनक बोटीवर चढविला गेला तेव्हां एक फळीहि बंद झाली नाहीं. प्रजेस दोष देण्यांत अर्थ नाहीं. जें तिनें कमावलें नव्हतें तें राखण्याची संवय तिला कोठून असावी?

१९०८ सालीं सैन्याच्या उठावापुढें नमून अब्दुल हमीदनें तीच घटना पुन्हां चालू केली, आणि १९०९ सालीं घटनादुरुस्ती करून हद्दपारीचा अधिकार ११३ व्या कलमांतून काढून टाकण्यांत आला. मिधतवरील अन्यायाचें हें उशिरा झालेलें परिमार्जन होतें. पण लष्करी कायदा पुकारण्याचा अधिकार त्याच कलमांत शिल्लक राहिला, आणि नव्या राज्यकर्त्यांनीं त्याचा सढळ हातानें उपयोग केला. हत्यार बदललें, निकडीची सबब बदलली नाहीं.

१९५१ सालीं मिधतच्या अस्थि तैफहून इस्तंबूलला आणून स्वातंत्र्यस्मारकाच्या आवारांत पुरण्यांत आल्या. त्याच्या जन्मगांवानें त्यास शेवटीं मानानें घरीं घेतलें, हें योग्यच झालें. पण त्याची खरी आठवण ठेवावयाची ती तेथें फुलें वाहून नव्हे. राज्यहिताच्या नांवाखालीं 'एवढें एक कलम असूं द्या' असें कोणी सत्ताधीश म्हणेल, आणि कलम मान्य करणारा सज्जन 'मी आहें ना' असें आश्वासन देईल, त्या वेळीं मिधत पाशाची आठवण झाली, तर त्याचें मरण अगदींच वायां गेलें असें म्हणतां येणार नाहीं.